न रांधलेली जेवणं

कप्तानची कोंबडी शेगडीवर चढली की तिचा वास जिना उतरून खाली जायचा. उतरून म्हणजे अगदी माणसासारखा, कठडा धरून, मजल्यामजल्यावर दम खात. तिसऱ्या मजल्यावरचा ठार बहिरा म्हातारा दार उघडून विचारायचा, "कुणी हाक मारली का मला?" त्याच्या खालचा घड्याळजी डोळ्याला लावलेली काच न काढताच वर यायचा, आणि ताटातला तुकडा त्याला डोंगराएवढा दिसायचा. एकदा तर आगीचा बंब आला होता. आग नाही म्हटल्यावर बंबवाल्यांनी रागवायचं सोडून हात धुतले आणि ओळीनं जेवायला बसले. आता यातलं अर्धं वजा करा. उरलेलं अर्धं कप्तानच्याच तोंडचं, तेव्हा त्यातलंही अर्धं सोडा. तरी जे शिल्लक राहतं तेवढ्यानं कुणाचंही नाक गळायला लागलं असतं.

कप्तान काही खरा कप्तान नव्हता. तरुणपणी एका मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात तो बटाटे सोलायला होता, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यानं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. पण जहाजावरचा आचारी होता पोर्तुगीज, आणि त्यानं ह्या पोराला ती कोंबडी शिकवली. का शिकवली, ह्याच्या गोष्टी मात्र जेवढे पाहुणे तेवढ्या. कधी कप्ताननं ती पत्त्यांत जिंकलेली असायची. कधी आचारी समुद्रात पडलेला असायचा आणि कप्ताननं त्याला मिशी धरून वर ओढलेला असायचा. एका गोष्टीत आचाऱ्यानं मरता मरता कानात सांगितलं, आणि पुढच्याच रविवारच्या गोष्टीत तोच आचारी टुणटुणीत उभा राहून सगळ्यांना नमस्कार सांगत होता.

"अहो, तो मेला होता ना?" त्याची बायको विचारायची.

"थोडा वेळ मेला होता," कप्तान म्हणायचा.

बायकोला सगळी इमारत मुकादम म्हणायची. नाव कप्ताननंच पाडलेलं, पण खोटं नव्हतं. मोठ्या लाँड्रीत इस्त्रीखात्याची ती मुकादम होती. तिच्या हाताखालच्या बायका तिच्या नजरेला गरम इस्त्रीपेक्षा जास्त भ्यायच्या. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे डगले, सगळ्यांच्या घड्या तिच्या मनासारख्या पडल्याशिवाय गाडीत चढत नसत. आणि खोटं बोलणं तिला जमत नसे. बोलायला गेली की कान लाल व्हायचे. लग्नानंतर कप्ताननं एकदा साहेबाला फोन करायला सांगितलं होतं की नवरा तापानं फणफणलाय म्हणून, तर ही फोनवर म्हणाली, "ते झोपलेत, उठवू का?"

अशी बाई. आणि तिच्यावरच पुढे रोज संध्याकाळी खोटं बोलायची पाळी आली.

कप्तानच्या घशात गाठ निघाली. यंत्राखाली निजवून ती जाळली, गाठ आटली, पण घसाही तिच्याबरोबर जळाला. गिळणं बंद झालं. पोटाला भोक पाडून एक नळी बसवली, आणि त्या नळीतून दुधासारखं पांढरट काहीतरी सोडायचं, हे जेवण. आवाजाची नुसती कुजबूज राहिली. श्वास नाकानं चालू होता तेवढा. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी त्याची खाट टाकली. त्या खोलीत आणि स्वयंपाकघरात दार नव्हतं, नुसता पडदा.

घरी आणलं त्या दिवशी सुनेनं कांदा चिरून तेलात टाकला. नेहमीसारखाच. पडद्यापलीकडून आवाज काही आला नाही, पण मुकादम पाणी घेऊन आत गेली तेव्हा कप्तान डोळे मिटून पडला होता आणि त्याचा गळा वरखाली होत होता. गिळत होता. काहीच नसलेलं गिळत होता.

मुकादम मागे फिरली, गॅस बंद केला, आणि कांद्यासकट कढई उचलून जिन्यात नेऊन ठेवली.

"आजपासून ह्या घरात वासाचं काही शिजणार नाही," तिनं जाहीर केलं. इस्त्रीखात्यात करायची तसंच. "कांदा नाही, लसूण नाही, मासे नाहीत, कॉफी नाही."

"आई, कॉफी पण?" मुलगा पावाची गाडी चालवायचा, पहाटे उठायचा. कॉफी नसेल तर त्याचा एकच डोळा उघडायचा.

"जिन्यात जाऊन पी."

आणि तसंच सुरू झालं. मुलगा जिन्यात उभा राहून थर्मासमधली कॉफी प्यायचा. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, ती तिथेच काहीतरी खाऊन यायची. रात्री सगळे स्वयंपाकघरात बसून पाव आणि उकडलेले बटाटे खायचे. पावसुद्धा गरम करायचा नाही. बहिऱ्या म्हाताऱ्यानं जिन्यात मुलाला गाठून विचारलं, "तुमच्याकडे कुणी वारलं का रे?" मुलगा ओरडून म्हणाला, "नाही हो!" म्हातारा म्हणाला, "बरं बरं, सांत्वनाला येतो."

पण कप्तानला रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारायची सवय. नळी लावून झाली, तोंड पुसून झालं, की कुजबुजायचा, "आज काय?"

पहिल्या दिवशी मुकादमला काही सुचलं नाही. ती खरं सांगणार होती, बटाटे म्हणून. मग तिच्या मनात आलं, ह्याला वाटेल आपल्यापायी सगळे उपाशी मरतायत. "मासे," ती म्हणून गेली. "तळलेले." कान असे तापले की पदर डोक्यावरून घेतला.

"कुरकुरीत?"

"चांगले कुरकुरीत. तुमच्या सुनेनं जरा जास्तच तळले."

कप्तान हसला. मुकादमला वाटलं, चला, खपलं. दुसऱ्या दिवशी कांदा घालून अंडी केली. तिसऱ्या दिवशी लसूण घालून शेंगा. कधी सून मीठ विसरली, कधी मुलानं चार वेळा मागून खाल्लं, कधी घड्याळजी वासावर वर आला आणि त्याला तसंच परत पाठवलं. एकही गोष्ट न शिजवता मुकादम रोज पान वाढल्यासारखं बोलायची. कान लाल व्हायचे ते बंद झाले. इतकी वर्षं कप्तानच्या थापा ऐकून कुठेतरी साठल्या असतील, त्या आता उपयोगी पडल्या. फरक एवढाच, की कप्तानच्या थापांवर कधी कुणी विश्वास ठेवला नव्हता, आणि मुकादमवर कधी कुणी अविश्वास दाखवला नव्हता.

पुढे पुढे कप्ताननं विचारणं सोडलं. मुकादमनं आपणहून सांगितलं तर भिंतीकडे बघत "हं" म्हणायचा. तिला वाटलं, जेवणाच्या गोष्टीनं त्रास होतोय, तर तिनंही सांगणं बंद केलं.

मग डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. गाठ पुन्हा दिसतेय, म्हणाल्या. एक नवा उपाय आहे, केला तर बराच काळ हातात येईल. वर्ष, कदाचित त्याहून जास्त. पण जीभ आणि नाक दोन्ही जाणार. चव तर तशीही उरली नाही, वासही राहणार नाही, कायमचा. करायचं की नाही ते सोमवारी फोन करून कळवा, पुढचा नंबर तुमचाच धरलाय.

येताना टॅक्सीत मुलगा म्हणाला, "बाबा, करून टाकू या ना."

कप्तान खिडकीबाहेर बघत होता. "सोमवारी सांगतो," एवढंच म्हणाला.

मुकादम त्याच्या शेजारी बसून देवाला, डॉक्टरणीला आणि टॅक्सीवाल्याला मनातल्या मनात बजावत होती, की हा माणूस हो म्हणाला पाहिजे. नवऱ्याला ती ओळखून होती. दुसऱ्याचं दार उघडण्याआधी आत काय शिजतंय ते सांगणारा माणूस. पावसात, सर्दीत, झोपेत ज्याचं नाक चालायचं, तो नाक देऊन वर्ष घेईल, ह्याचा तिला भरवसा वाटेना.

शुक्रवारी संध्याकाळी ती त्याचे पाय पुसत होती. तो एकदम म्हणाला, "मुकादम, मी हो म्हणणार आहे."

तिचा हात थांबला. "खरंच?"

"खरंच. आता जायचं काय राहिलंय? नाक तर केव्हाच गेलं."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे गेलं. तुम्ही इथे पडद्याआड मासे तळता, कांदे परतता, लसूण काय नि काय काय. मला काही म्हणजे काही येत नाही. सुरुवातीला वाटलं, खिडकी उघडी असेल. मग वाटलं, सर्दी असेल. रोज तुला विचारायचो आज काय, तू सांगायचीस, आणि मी इथे पडून लांब लांब श्वास घ्यायचो." त्यानं घेऊन दाखवला. "काही नाही. म्हटलं, यंत्रानं घशाबरोबर नाकही जाळलं. तुला सांगितलं नाही. तुला आणखी एक घोर कशाला."

औषधांचा वास त्या खोलीच्या भिंतींनाच लागला होता, तो त्याला वास वाटतच नव्हता. आणि दुसरं घरात काही नव्हतंच.

मुकादमनं टॉवेलाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. त्या क्षणी तिनं तोंड उघडायला हवं होतं. अहो, नाक धड आहे तुमचं, आम्हीच काही शिजवलं नाही, एवढं म्हटलं असतं की झालं. पण ते म्हटलं असतं, तर सोमवारी तो नाही म्हणाला असता. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं, की तिनं दात आवळले आणि त्याचा दुसरा पाय पुसायला घेतला.

"मग एक कर," कप्तान म्हणाला. "रविवारी माझी कोंबडी कर. मिरच्या, लसूण, लिंबू, सगळं माझ्यासारखं. पोरांना बसव. पडदा असू दे, नाहीतर माझं तोंड बघून तुमचा घास उतरायचा नाही. मला वास येणार नाही, पण आवाज तरी ऐकीन. मग न्या कुठे न्यायचं तिकडे."

रात्री जिन्यात मुलगा, सून आणि मुकादम असे तिघं पायऱ्यांवर बसले. मुकादमनं सगळं सांगितलं. मुलगा नखं कुरतडत ऐकत होता. सून म्हणाली, "आई, उद्याच खरी कोंबडी मुरवत ठेवते. बाबांना कळू दे."

"कळलं तर ते नाही म्हणतील."

"म्हणू देत. त्यांचं नाक आहे."

"नवरा माझा आहे," मुकादम म्हणाली. "नाक नसलेला चालेल, जीभ नसलेला चालेल, भिंतीकडे तोंड करून पडलेला चालेल. मला माणूस हवाय. तू पुढच्या वर्षी ह्याच पायरीवर बसून मला शिकव मग, बरोबर काय नि चूक काय."

सून उठून आत गेली. मुलगा म्हणाला, "आई, पण कोंबडी न करता कोंबडीचा आवाज कसा काढायचा?"

त्या प्रश्नावर मुकादमनं शनिवारभर डोकं चालवलं. त्या बाईनं जन्मात नाटकात काम केलं नव्हतं, पण रविवारी दुपारी तिनं जे केलं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते.

आधी कोंबडी मोडायची. कप्तान कोंबडीचा कणा कात्रीनं काढून टाकायचा, मग छातीवर तळहात ठेवून असा दाबायचा, की हाड कट्‌ मोडून कोंबडी पुस्तकासारखी उघडी पडायची. मुकादमनं एक जाडजूड गाजर फडक्यात गुंडाळलं आणि काडकन मोडलं.

"वा!" पडद्याआडून कुजबूज आली. "एका दणक्यात?"

"मग काय!"

मग कोंबडीला चिरा द्यायच्या, त्यांत वाटण चोळायचं. तिनं भिजवलेला टॉवेल पाटावर घेऊन सपासप थोपटला. खलबत्त्यात नुसतं खडेमीठ घालून लसूण कुटल्यासारखं कुटलं. लिंबू पिळल्याचा आवाज होत नाही म्हणून तोंडानं सांगितलं, "लिंबू पिळतेय हो!" मुलगा कोपऱ्यात उभा राहून हसू दाबत होता. दाबता दाबता त्याच्या डोळ्यांत पाणी कधी आलं ते त्यालाही कळलं नाही. सून टेबलाशी हाताची घडी घालून बसली होती, तिनं ना मदत केली ना अडवलं.

"मिरच्या भाजल्यास?" कप्ताननं विचारलं.

त्या मिरच्या म्हणजे नखाएवढ्या, लालभडक. जहाजावर त्यांना पिरी-पिरी म्हणायचे. कप्तान त्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचा, मग व्हिनेगर, तेल आणि तमालपत्राबरोबर वाटायचा. आणि शेवटी शेगडीवरच्या कोंबडीवर तेच वाटण पुन्हा पुन्हा ब्रशनं फासायचा.

"भाजतेय," मुकादम म्हणाली आणि कोरडा तवा तापवून त्यावर बोटांनी पाणी शिंपडलं. चर्र झालं. पुन्हा शिंपडलं. पुन्हा चर्र.

"सगळ्या टाकल्यास? घाबरली नाहीस ना?"

"सगळ्या."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मुकादमनं आणखी थोडं पाणी शिंपडून कोंबडी भाजली, उलटवली, पुन्हा भाजली. मग तिघं बसले. पानात पाव, उकडलेले बटाटे. मुलानं पहिला घास घेतला आणि ठरल्याप्रमाणे ओरडला, "स्स... हा... आई गं! पाणी दे, पाणी!" बटाटा खाऊन असं ओरडायला फार मोठं काळीज लागतं. "हाड सोड की जरा," मुकादम म्हणाली. "सगळं चोखूनच काढणारेस का?" आणि तिनं रिकामा चमचा ताटावर आपटला.

"मुकादम!"

कुजबूजच ती, पण इतक्या जोरानं केलेली, की तिघांचेही हात थांबले.

"मुकादम, आला! वास आला गं!"

मुकादम ताटावरून उठली ती खरकट्या हातानंच. पडदा सरकवला. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की ह्याला भ्रम झाला. गेला बिचारा, डोक्यानं गेला. "कसला वास?" तिनं विचारलं.

"लसणीचा. लिंबाचा. तमालपत्राचा. आणि मिरचीचा तर विचारू नकोस, एवढा ठसका लागतोय मला!"

ठसका काही लागत नव्हता. तो उशीला टेकून शांत पडला होता, आणि त्याची डावी भुवई वर गेली होती. ती भुवई मुकादमनं हजार वेळा पाहिली होती. आचारी समुद्रात पडायच्या आधी ती वर जायची. बंब यायच्या आधी वर जायची.

मुकादम खाटेच्या कडेला बसली.

"तुझी गोष्ट चांगली होती," कप्तान म्हणाला. "गाजर होतं का ते?"

"गाजर."

"झकास. पण बाईसाहेब, मिरच्या तव्यावर पडल्या आणि घरात एकही माणूस खोकला नाही? नाक मेलं तरी धूर घशात जातोच. आणि माझा हा असा घसा. आधी मी मेलो असतो खोकून. मी वाट बघत होतो, आता येईल ठसका, आता येईल. नाही आला. मग म्हटलं, मिरच्या नाहीत. मिरच्या नाहीत तर कोंबडी नाही." तो श्वास घ्यायला थांबला. "ते कुरकुरीत मासे?"

"नव्हते."

"लसणीच्या शेंगा?"

"नाही."

"पोराची कॉफी?"

"जिन्यात पितो," मुलगा पडद्यापाशी उभा राहून म्हणाला.

"कधीपासून?"

कप्तान एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. "म्हणजे इतके दिवस हे घर बटाट्यांवर आहे?" तो म्हणाला. "आणि मी इथे पडून माझ्या नाकाला शिव्या घालतोय!" तो हसायला लागला, बिनआवाजाचं, नळी हलेपर्यंत. मुकादमनं नळी धरली. मग ते हसणं दुसरीकडेच वळलं आणि तिनं नळी सोडून त्याचं डोकं धरलं.

तेवढ्यात सून उठली, चपला न घालताच खाली गेली, आणि घड्याळजीच्या फ्रीजमधून झाकलेलं पातेलं घेऊन वर आली. सासू सगळं शिकवत असली, तरी सून सगळं ऐकते असं थोडंच आहे? शनिवारी सकाळीच तिनं खरीखुरी कोंबडी मुरवून ठेवली होती. तिनं सासूकडे बघितलं नाही. पातेलं कप्तानच्या छातीशी धरलं आणि झाकण काढलं.

कप्ताननं आधी डोळे मिटले. मग श्वास घेतला, थोडासाच. मग एक लांब, पार पोटापर्यंत.

"तमालपत्र विसरलीस," तो सुनेला म्हणाला.

"विसरले, बाबा."

"आणि लिंबू जास्त झालंय."

"हो."

"आहे," तो म्हणाला. "सगळं आहे. जागच्या जागी आहे." आणि पातेल्यावर पुन्हा नाक धरलं.

मुकादम हे सगळं बघत होती. त्याच्या तोंडावर जे आलं होतं ते तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि ते बघून तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या खालोखाल तिला उद्याचा फोन आठवला.

"सोमवारी," ती म्हणाली.

"नाही म्हणून सांग."

"अहो, असं करू नका."

"मुकादम, गेलंय समजून द्यायला तयार झालो होतो. आता कसं देऊ? तुम्ही रांधाल, मी इथून ओरडेन, जळलं म्हणून. तेवढं तरी घरात असू दे माझं."

"किती दिवस?"

"असतील तितके. मी आहे की. जेवढा आहे तेवढा."

"तेवढा मला पुरत नाही," मुकादम म्हणाली.

त्यानं तिचा हात घेतला, तो बटाट्यानं चिकट झाला होता. तिनं तो सोडवून घेतला नाही. कप्तान म्हणाला, "रागावलीस तरी चालेल. पण शेगडी पेटव."

मुकादम रागावली होतीच. तिनं गॅलरीतली शेगडी ओढून आणली ती अशी, की खालच्या मजल्यावर वाटलं भूकंप झाला. कोळसे पेटवले. कोंबडी टाकली. वाटणाचा पहिला थेंब कोळशावर पडला आणि सगळं घर खोकायला लागलं. मुलगा खोकला, सून खोकली, खालून घड्याळजी खोकत खोकत वर आला आणि दारातच डोळे पुसत उभा राहिला. कप्तानला तर असा ठसका लागला, की मुकादम चिमटा टाकून धावली, पाठीला हात देऊन बसवलं, तोंड पुसलं, खिडक्या उघडल्या. दवाखान्यातल्या एखाद्या नर्सनं पाहिलं असतं तर सगळ्यांना हाकलून दिलं असतं.

"उलटव," दम लागलेला कप्तान म्हणाला. "जळतेय ती."

"जळू दे."

"उलटव गं."

तिनं जाऊन उलटवली.

पडदा त्या दिवशी गाठ मारून बाजूला बांधला होता. सगळे त्याच्यासमोर बसून जेवले. आधी कुणाचा घास उतरेना, तो म्हणाला तसंच. मग मुलानं एक तंगडी उचलली, आणि या वेळी ओरडायला विसरला, इतकं तोंड भाजलं. मुकादमनं खाल्लं. कप्तान तिच्या तोंडाकडे बघत होता.

"कशी झालीय?"

"मीठ कमी आहे," मुकादम म्हणाली. खोटं बोलायचं तिला आता कारण राहिलं नव्हतं. "आणि पाठ कच्ची राहिलीय."

सोमवारी सकाळी मुलगा म्हणाला, "आई, मी करतो फोन." ती म्हणाली, नाही. पदराला हात पुसले, स्वयंपाकघरातला रिसीव्हर उचलला, आकडे दाबले. पडदा उघडाच होता. कप्तान खाटेवरून बघत होता, पण तिनं त्याच्याकडे पाठ केली.

पलीकडे एक मुलगी होती, कोवळ्या आवाजाची. पेशंटचं नाव विचारलं, मग कागद चाळले. "हां, आजी, सापडलं. मग कधी येताय दाखल व्हायला?"

मुकादमच्या मनात आलं, आत्ता हो म्हणून टाकलं तर? मुलगी लिहून घेईल, गाडी येईल, दोन धट्टेकट्टे वॉर्डबॉय येतील, आणि हा काय करणार आहे, कुजबुजणार? इस्त्रीखात्यात तिनं एका शब्दावर तीस बायका हलवल्या होत्या. इथे तर एकच माणूस हलवायचा होता.

"आजी? ऐकताय ना?"

"येणार नाही," मुकादम म्हणाली.

"म्हणजे पुढची तारीख देऊ?"

"नको. येणारच नाही."

मुलीनं कागद पुन्हा चाळले. "आजी, नंबर सोडला तर परत लवकर लागत नाही हं. घरात सगळ्यांशी बोललात ना?"

"बोलले."

"पेशंटशी?"

"त्यांचंच आहे म्हणणं."

"आणि तुमचं?" मुलीनं विचारलं. कागदावर तशी जागा असेल, किंवा नसेलही. नवी असेल बिचारी.

मुकादमनं तोंड उघडलं. गॅसवर सुनेनं कांदा टाकला होता, तो लालसर व्हायला लागला होता. पाठीमागे, खाटेवर, कप्तान लांब श्वास घेत होता, तो इथपर्यंत ऐकू येत होता.

"माझं लिहू नकोस, बाळ," ती म्हणाली.

पलीकडून फोन ठेवल्यावरही ती रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली. शेवटी मुलानं येऊन हळूच तिची बोटं सोडवली, आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.